दिवसभर खुर्चीत, पण काम किती? (घरून एकट्याने ऑनलाइन धंदा करणारे, इकडे या)

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

थोडं माझ्याबद्दल. पाचोऱ्याजवळ गाव. बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र, म्हणजे कोडिंगशी संबंध शून्य. २०१६ च्या शेवटी फुकट नेट आलं तेव्हा सगळं गाव सिनेमे बघत होतं आणि मी पीएचपी (वेबसाइट बनवायची कोडिंगची भाषा) शिकत होतो. (सिनेमेही बघितले, खोटं कशाला बोलू.) पडत-धडपडत वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) चालणारं एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, तयार केलं. ऑनलाइन दुकानातून केक किंवा फुलं मागवताना कोणत्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत हवीत ते गिऱ्हाइकाने निवडायचं, एवढंच त्याचं काम. वर्षाला ४९ डॉलर. आज सहाशेच्या आसपास लायसन्स चालू आहेत. बहुतेक अमेरिका-इंग्लंडमधले छोटे केकवाले आणि फूलवाले. घर चालतं. मालक मी, नोकर मी, झाडूवाला पण मीच.

आता रडगाणं. दिवसभर काम करूनही रात्री 'आज काय केलं?' याचं उत्तर सापडत नाही. म्हणून गेल्या महिन्यात १४ दिवस वहीत मिनिटं लिहिली. रोजची सरासरी अशी निघाली: खुर्चीत ११ तास. त्यात कोड १ तास ५० मिनिटं. गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं ३ तास. शिकणं (व्हिडिओ, लेख, नवीन फ्रेमवर्क) २ तास ४०. विक्रीचा आकडा बघणं ४० मिनिटं, दिवसातून तीस-पस्तीस वेळा. लाज वाटते पण लिहिलंय. उरलेले २ तास ५० मिनिटं वहीत 'इतर'.

'इतर' म्हणजे सिलिंडर आणणे, आबांच्या पीक विम्याचा फॉर्म, गल्लीतल्या पोरांचे प्रवेशअर्ज, आणि सध्या गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) राखणे. येणारा-जाणारा विचारतो, "रिकामाच बठेल शे ना तू?" आबा तर सरळ म्हणतात, "तुना कॉम्प्युटर काय दूध देस का?"

तर, तुम्ही दिवस कसा लावता? वेळ ठरवून बसता की काम ठरवून? ऐकीव-वाचलेलं नको, स्वतःचं सांगा.

शेवभाजी_डबल | सोमवार, रात्री ११:५८

पहिला मी. बिबडे राखणं हे 'इतर' मध्ये टाकल्याबद्दल तीव्र निषेध.

कोडकीडा | मंगळवार, सकाळी ८:१०

मूळचा धुळ्याचा, आता पुण्यात. वही ठेवलीस हेच मोठं काम झालं, बहुतेक जण इथवर येतच नाहीत.

पोमोडोरो करून बघ. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी. १९८० च्या दशकात फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून नाव पडलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उलटा करून टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत.

गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

केलं होतं दादा. २५ मिनिटांत तीन माणसं डोकावतात. तिसऱ्या टोमॅटोला आईने विचारलं, "हे सारखं काय वाजतंय?" चौथ्याला म्हणाली, "वाजलं ना, मग आता ऊठ आणि दळण घेऊन ये."

शेवभाजी_डबल | मंगळवार, सकाळी ९:३४

आमच्याकडे टोमॅटोचं एकच काम. शेवभाजीच्या रश्श्यात जाणे. तेही थोडाच, नाहीतर रस्सा गोड होतो.

नंदुरबारी_मिरची | मंगळवार, सकाळी ९:५१

शेवभाजीत टोमॅटो?? हा माणूस नक्की कुठला आहे? संपादक, लक्ष द्या.

धुळ्याची_अक्का | मंगळवार, दुपारी २:२०

पोरं झोपलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी लहान दुकानदार आणि शिकवणीवाल्यांसाठी स्प्रेडशीटचे तयार नमुने विकते: फीचा हिशेब, उधारीची वही, स्टॉक. बी.कॉम. आहे, बाकी सगळं स्वतः शिकले. भाऊ, तुमचं वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. तुम्हाला ११ तास खुर्ची मिळते. मला मिळतात पहाटे सव्वापाच ते सात आणि दुपारी साडेअकरा ते दोन. एवढंच. संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला की घरात कोणाचं तरी काहीतरी हरवतंच.

पण गंमत सांगू? धंदा याच चार तासांत उभा राहिला. मध्ये सासूबाई सहा महिने नाशिकला नणंदेकडे होत्या, मुलं शाळेत, मला रोज सात-आठ तास मोकळे. त्या सहा महिन्यांत मी काय केलं? लोगो तीनदा बदलला. वेबसाइटचा रंग मोरपिशी की गर्द निळा यावर आठवडा घालवला. नवीन नमुना एकही नाही! वेळ कमी होता तेव्हा मला माहीत असायचं की आज हे एकच झालं पाहिजे.

माझी पद्धत साधी आहे. रात्री ओटा आवरून झाला की किराण्याच्या पावतीमागे एक ओळ लिहिते, उद्या पहाटे काय. आणि ओळ अशी हवी की चहा व्हायच्या आत सुरू करता आलं पाहिजे. 'वेबसाइट सुधारणे' अशी ओळ लिहिली की सकाळी मी ती पावती बघते, पावती मला बघते. 'फीच्या शीटमध्ये उशिराचा दंड घालणे' असं लिहिलं की हात चालू लागतो. पहाटे मेल उघडत नाही. एकदा उघडलं होतं, एका गिऱ्हाइकाने 'पैसे परत' लिहिलं होतं, तो अख्खा दिवस गेला.

पिवळी_बत्ती | मंगळवार, दुपारी ४:०५

अक्कांशी सहमत.

मी भुसावळचा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आम्ही मरेपर्यंत गार्डच. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, नातवामुळे इथे वाचतो. पण अवेळी काम कसं करावं यावर थोडं बोलायचा अधिकार आहे.

आमच्या काळी कॉलबॉय असायचा. सायकलवर रात्री-अपरात्री दाराशी येऊन हाक मारायचा, वही पुढे करायचा. सही केली की तुम्ही ड्युटीला लागलात. घरी पाहुणे असोत की लग्न. आणि ड्युटीवरून आलो की साइन ऑफ. मग मालगाडी कुठे का अडकेना, ती दुसऱ्याची. क्वार्टरमध्ये 'बाबा रात्रीच्या गाडीवरून आलेत' एवढं सांगितलं की शेजारची पोरंसुद्धा चपला हातात घेऊन चालायची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा, आणि आम्ही भर दुपारी गाढ झोपेत.

तुमचं दुखणं मला असं दिसतं की तुम्ही कधी साइन ऑन होत नाही आणि कधी साइन ऑफही होत नाही. ११ तास फलाटावर उभे आहात, गाडीत बसलाच नाहीत. घरच्यांना तरी कसं कळणार? त्यांना तुम्ही लुंगीवर बसलेले दिसता.

एक करून बघा. सकाळी अंघोळ करा, पँट-शर्ट घाला, चौकापर्यंत चालत जा, आणि परत येऊन कामाच्या खोलीत शिरताना वहीत वेळ टाकून सही करा. उठताना पुन्हा सही. खोटी सही करायची नाही, ती नोकरीतही आम्ही केली नाही.

शेवभाजी_डबल | मंगळवार, दुपारी ४:११

काका, 'गाडीत बसलाच नाहीत' _/\_

तोरणमाळ | मंगळवार, रात्री ९:४५

मला इथल्या सुराशी थोडं भांडायचंय.

मी शहाद्याचा. होस्टिंग आणि छोट्या वेबसाइट, दहा वर्षं झाली, मीही कुठे शिकायला गेलो नव्हतो. सगळे म्हणताहेत की मेलना उत्तरं देणं म्हणजे वेळ वाया. अहो, तोच धंदा आहे! अमेरिकेतला केकवाला मोठ्या कंपन्या सोडून ४९ डॉलर पाचोऱ्याच्या माणसाला का देतो? कारण दहा मिनिटांत उत्तर येतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं 'फोन उचलतो' एवढ्याच कारणाने टिकली आहेत. पहाटे मेल न उघडणं अक्कांना परवडतं, त्यांच्या शीटमुळे कोणाचं दुकान बंद पडत नाही.

गिरणाकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

हेच तर माझं डोकं खातंय भाऊ. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे सध्या संध्याकाळचे साडेसहा. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. इंग्लंडचं दुकान आपल्या दुपारी दीडला उघडतं. म्हणजे दुपारी दीडपासून मध्यरात्रीपर्यंत कोणीतरी जागं आहे आणि त्याचं काहीतरी अडलं आहे. त्यात मार्चमध्ये त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागे येतात. त्या आठवड्यांत तर मेलचा पाऊस.

धुळ्याची_अक्का | मंगळवार, रात्री १०:३१

तोरणमाळ भाऊ, दुकान बंद पडत नाही, पण मार्चअखेर एका क्लासवाल्याचा फीचा बेरजेचा रकाना चुकला होता तेव्हा त्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उत्तर मी त्याला सकाळी सात वाजता दिलं, सव्वापाचला नाही. तो आजही गिऱ्हाईक आहे.

अमळनेरकर | बुधवार, सकाळी ७:१५

मंडळी, १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९६६ मध्ये वडील गेले आणि अझीम प्रेमजी २१ व्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून परत आले, कारखाना हाती घेतला. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. तेलतुपाच्या माणसाला सॉफ्टवेअर कोणी शिकवलं होतं? खान्देशच्या मातीत—

नंदुरबारी_मिरची | बुधवार, सकाळी ७:२२

अमळनेरकर आले की पाठोपाठ विप्रो येणारच. घड्याळ लावून घ्या.

अमळनेरकर | बुधवार, सकाळी ७:२५

हसा. आमच्या गल्लीत ज्यांनी शेअर विकले नाहीत ते पण हसतायत, वेगळ्या कारणाने.

शेवभाजी_डबल | बुधवार, सकाळी ७:४०

आमच्या आजोबांनी विकले होते. म्हैस घेतली. म्हणजे आबांचा प्रश्न बरोबर आहे, दूध कोण देतं ते महत्त्वाचं.

खोटं_नाणं | बुधवार, सकाळी ११:००

स्पष्ट बोलतो, राग नको. एकट्याचा धंदा म्हणजे दुखणं आलं की बंद. नोकरी करा, संध्याकाळी हौस म्हणून प्लगइन चालवा. पगाराच्या तारखेइतकी शिस्त कोणतंही घड्याळ लावत नाही.

नंदुरबारी_मिरची | बुधवार, सकाळी ११:१२

आणि लग्न जुळतं हे राहिलं. माझ्या चुलतभावाचं असंच ऑनलाइन काम, महिन्याला चांगले कमावतो. मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा कुठे असतो?" काका म्हणाले, "वरच्या खोलीत."

गिरणाकाठ | बुधवार, दुपारी १२:०५

खोटं_नाणं साहेब, मुद्दा चुकीचा नाही. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, नऊ दिवस आडवा. घाबरत घाबरत मेल उघडले तर ६१ पडलेले. त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच 'जमलं, धन्यवाद' लिहिलं होतं. पैसे परत मागणारे दोघे.

कोडकीडा | बुधवार, दुपारी १२:३०

थांब. हे तू आत्ता सहज लिहून गेलास, पण तुझ्या धाग्यातला सगळ्यात कामाचा आकडा हाच आहे.

बागायतदार_रावेर | बुधवार, रात्री ८:४०

राम राम. दिवसभर बागेत होतो, आता सगळं वाचलं.

मला तुमच्या प्लगइनचं कळत नाही, केळीचं कळतं. जी-९ जातीची टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली की दोन-तीन महिन्यांत बुंध्याजवळ पिलं फुटायला लागतात. दिसायला छान, हिरवीगार. नवीन शेतकऱ्याचा जीव कापायला धजत नाही, म्हणतो राहू दे, फुकटच आलंय ना. फुकट नसतं ते. ड्रिपचं पाणी आणि खत तेच पितं आणि मोठ्या झाडाचा घड बारीक राहतो. म्हणून निसवण (घड बाहेर पडणं) होईस्तोवर आम्ही विळा घेऊन फिरतच असतो. नंतर एक जोमदार पील ठेवायचं, पुढच्या पिलबागेसाठी. एकच.

तुमच्या त्या प्लगइनमध्ये चालू-बंद करायची बटणं किती हो?

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ९:०२

आप्पा, आत्ता मोजली. ८७.

शेवभाजी_डबल | बुधवार, रात्री ९:०३

🙏

बागायतदार_रावेर | बुधवार, रात्री ९:१५

त्यातली किती बटणं एकेका माणसाने मागितली म्हणून घातली?

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ९:४०

निम्म्याहून जास्त. स्कॉटलंडच्या एका बाईंना दर तिसऱ्या गुरुवारी सुट्टी हवी होती, त्यासाठी दोन दिवस घालून बटण केलं. बाईंनी पुढच्या वर्षी लायसन्स वाढवलंच नाही. बटण आहे.

तोरणमाळ | बुधवार, रात्री १०:१०

आप्पांचं पटतं, पण एक सावधगिरी. केळीचं पील कापलं तर ते मेल लिहीत नाही. बटण काढून टाकलं तर ते वापरणारे चार जण उभा दंगा करतील. नवीन लावणीपासून कापा, जुनं आहे ते राहू द्या.

खाली_बॅटरी | गुरुवार, सकाळी ६:५०

विषयांतर करतो. यावलकडचा आहे. लाइट गेली की राउटरचं काय करता? मोठा इन्व्हर्टर परवडत नाही, पंखा-कूलरच सगळी बॅटरी खातात.

कोडकीडा | गुरुवार, सकाळी ८:००

राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, डब्याएवढा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर लाव, दोन-तीन तास निघतात. आधी अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घे, फायबरच्या डब्याचे आकडे वेगळे असू शकतात. आणि फोनचं दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार ठेव. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीपुढे कोणताही यूपीएस चालत नाही.

पिवळी_बत्ती | गुरुवार, सकाळी ८:२०

आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी १ ते ५ कामच करू नका. पत्र्याच्या खोलीत माणूस काम करत नाही, शिजतो. भुसावळच्या माणसावर विश्वास ठेवा.

वर्खेडी_हिशेब | गुरुवार, सकाळी १०:३०

मी जळगावात एका सीएंकडे कामाला आहे. सल्ला नाही, आठवण म्हणून लिहितो. 'इतर' मध्ये सरकारी कागदांचा रकाना कोणीच ठेवत नाही आणि मग मार्चमध्ये माणूस झोपत नाही. जीएसटी नोंदणी असेल आणि परदेशी विक्री कर न भरता दाखवायची असेल, तर एलयूटी (हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. एप्रिल आहे, गेल्या वर्षीचं संपलं. आगाऊ आयकराच्या तारखा चार: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. भिंतीवर लिहा. महिन्यातली एक सकाळ याला द्या, बाकीचे एकोणतीस दिवस याचा विचार करू नका.

गिरणाकाठ | गुरुवार, सकाळी १०:४१

एलयूटी. अरे देवा. उठलो.

कोडकीडा | गुरुवार, रात्री ११:१५

सगळे त्या ३ तासांच्या मेलवर तुटून पडलेत. मला त्याखालची ओळ दिसतेय. शिकणं, २ तास ४० मिनिटं. कोडपेक्षा जास्त! आणि त्यावर कोणी ब्र काढत नाही, कारण 'शिकणं' म्हटलं की आपण मराठी माणसं हात जोडतो.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. कोड स्वतःच शिकलो, म्हणून हे दुखणं आतून माहीत आहे. कॉलेजात शिकलेल्याला एक दिवस कोणीतरी कागद देऊन सांगतं, झालं तुझं, आता जा. आपल्याला ते कोणी सांगितलंच नाही. त्यामुळे प्लगइन विकून घर चालवत असलो तरी मनात धाकधूक असते, आज ना उद्या कोणीतरी खरा इंजिनिअर येईल आणि आपलं कोड बघून हसेल. म्हणून आणखी एक कोर्स. आणखी एक फ्रेमवर्क. मी दोन वर्षं अशीच घालवली. त्या शिकलेल्यातलं किती वापरलं? जवळपास काही नाही. पण तेव्हा रोज रात्री वाटायचं, आज चांगला दिवस गेला. व्हिडिओ कधी उलट उत्तर देत नाही, गिऱ्हाईक देतं, हे खरं कारण होतं.

तुझ्या वहीतल्या त्या २ तास ४० मिनिटांत तू जे शिकलास, त्यातलं तुझ्या प्लगइनमध्ये काय गेलं? इथे लिहू नकोस हवं तर. वहीत लिही.

धुळ्याची_अक्का | शुक्रवार, सकाळी ७:०५

लिहिलंय नेमकं, पण पूर्ण पटलं नाही. माझ्या धाकट्या दिराचा असाच उद्योग आहे. पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, तेव्हा ८ काय आहे हे त्याने आधी शिकून ठेवलं नसतं तर त्याची सगळी गिऱ्हाइकं एका आठवड्यात बोंबलली असती. शिकायचं बंद करा असं कोणी पोरांना सांगू नका.

कोडकीडा | शुक्रवार, सकाळी ७:४०

अक्का, दिराने गरज दारात आली म्हणून शिकलं. त्याला मी कामच म्हणतो. पावसाळ्याआधी घर शाकारणं वेगळं, आणि आपलं गळतंय ते सोडून गावभरची छपरं बघत फिरणं वेगळं.

शेवभाजी_डबल | शुक्रवार, सकाळी ७:५५

धागाकर्ता गप्प झालाय. वहीत लिहीत असणार.

नंदुरबारी_मिरची | शुक्रवार, सकाळी ८:१०

किंवा बिबडे राखतोय.

खाली_बॅटरी | (पाच आठवड्यांनी) रविवार, रात्री ९:२५

धागा वर काढतो. छोटा यूपीएस घेतला, अडीच तास चालतो. धन्यवाद. गिरणाकाठ भाऊ, तुमचं काय झालं?

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी १२:४०

आलो, आलो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी माहेरी होत्या, घरात आमरस-पुरणपोळी आणि माडीवर पत्ते. धाग्याकडे बघायला तोंड नव्हतं.

कोडकीडा दादा, वहीत लिहिलं. १४ दिवसांच्या शिकण्यातलं प्लगइनमध्ये गेलेलं: काहीच नाही. एक अख्खं फ्रेमवर्क शिकलो, ते माझ्या धंद्यात कुठे बसतं हे मला आजही सांगता येणार नाही. दोन दिवस तुमचा राग आला होता.

मग चिडून जुन्या मेलचा ढीग उपसला. मार्चपासूनचे सगळे मेल वाचले आणि विषयानुसार रेघा मारल्या. सगळ्यात मोठा ढीग एकाच प्रश्नाचा निघाला: 'डिलिव्हरीची वेळ एक तासाने चुकतेय.' कारण मला चार वर्षांपासून माहीत होतं. वर्डप्रेसमध्ये दुकानाची वेळ दोन तऱ्हांनी लावता येते. शहर निवडायचं, म्हणजे न्यूयॉर्क वगैरे, किंवा नुसता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) उणे ५ असा आकडा. शहर निवडलं की उन्हाळी घड्याळ आपोआप सरकतं. आकडा निवडला की सरकत नाही. निम्म्या केकवाल्यांनी आकडा निवडलेला. दर मार्च-नोव्हेंबरला मी प्रत्येकाला प्रेमाने, दहा मिनिटांत, वेगवेगळं उत्तर लिहीत होतो. वर ते मला 'इतका तत्पर माणूस पाहिला नाही' म्हणत आणि मी खूश.

आता प्लगइनमध्ये एक पिवळी पट्टी टाकली. दुकानाची वेळ आकड्यावर असेल तर दिसते: शहर निवडा, इथे क्लिक करा. काम किती? एका दुपारचं. दुपारचं म्हणजे पहाटेचं, कारण गार्डकाकांचं ऐकून मे महिन्यात दुपारी बसणं सोडलं. चार वर्षं ही पट्टी का टाकली नाही? कारण मी शिकत होतो.

तोरणमाळ भाऊंचंही खरं निघालं हे सांगितलं पाहिजे. मी उत्साहात मेल दिवसातून एकदाच, रात्री ८ ला, असं ठरवलं. दुसऱ्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या एका फूलवालीचं चेकआउट (गिऱ्हाइकाने पैसे भरायचं पान) माझ्या अपडेटमुळे बंद पडलं. तिचा शनिवार, तिकडे लग्नसराई. मला कळलं पाच तासांनी. माफी मागितली, वर्षाचे पैसे परत दिले, तरी गेली. आता मेलला दोन दारं आहेत. 'दुकान बंद पडलंय' असं निवडलं तर फोन वाजतो, रात्री २ लाही. बाकीचे मेल दुपारी दीडनंतर एकदा आणि रात्री ८ ला एकदा. आणि शुक्रवारी अपडेट सोडत नाही, मेलो तरी.

८७ बटणं अजून ८७ च आहेत आप्पा. पण ८८ वं झालं नाही. तिघांनी मागितलं, तिघांना नाही म्हटलं. एकाने पैसे परत मागितले, दोघांना फरक पडला नाही.

सही पहाटे ५:१० ला, उठताना ९ ला. पहिले चार दिवस चौकापर्यंत चालत गेलो तर दूधवाल्याने विचारलं, "काय, नोकरी लागली का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून फॉर्म भरून घ्यायला कोणी येत नाही.

विक्रीचा आकडा अजून बघतो. दिवसाला बारा वेळा. खोटी सही करणार नाही.

तोरणमाळ | सोमवार, दुपारी १:१५

फूलवालीचं वाईट वाटलं. पण दोन दारांची कल्पना मी ढापतोय.

वर्खेडी_हिशेब | सोमवार, दुपारी १:३०

एलयूटी?

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी १:३२

भरलं, भरलं. १५ जून पण भिंतीवर आहे.

बागायतदार_रावेर | सोमवार, दुपारी ३:५०

स्कॉटलंडच्या बाईंचं तिसऱ्या गुरुवारचं बटण तेवढं काढा हो. माझ्या डोक्यातून जात नाही.

पिवळी_बत्ती | सोमवार, दुपारी ४:००

पण आज सोमवारी दुपारी पावणेएकला तुम्ही एवढं मोठं लिहीत बसलात, ते कोणत्या ड्युटीत?

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी ४:०६

काका, गच्चीवर आहे. कुरडया.